वेबसाइटची मूळ भाषा कोणती ठेवावी आणि पाहुण्याला कोणती दाखवावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: देवगडजवळच्या आपल्या बागेची आंबाविक्री आणि घरगुती निवास यांसाठी केलेली वेबसाइट मराठी, हिंदी व इंग्रजी अशा तीन भाषांत तयार आहे, तिची मूळ भाषा कोणती निवडावी, आणि वेबसाइट उघडणारा माणूस, म्हणजे तिचा पाहुणा, कोणत्या ठिकाणाहून आला आहे ते ओळखून भाषा आपोआप बदलण्याची सोय चालू करावी का? माझे मत असे की मूळ भाषा मराठी ठेवावी, ठिकाणावरून भाषा ठरवण्याची सोय बंद ठेवावी आणि ब्राउझर जी भाषा सांगतो ती केवळ सुचवण्यापुरती वापरावी. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील लहान व्यावसायिकांच्या वेबसाइट सांभाळणे हाच माझा व्यवसाय असल्याने कारणे इकडच्या व्यवहारातूनच देतो.

सॉफ्टवेअर एकाच सेटिंगमध्ये दोन वेगळे प्रश्न विचारते, हे आधी लक्षात घ्यावे. मजकूर प्रथम कोणत्या भाषेत लिहिला जातो, हा एक प्रश्न. आणि ज्याच्याविषयी काहीच माहिती नाही अशा माणसाला काय दाखवायचे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर आपल्या घरातच आहे. हंगामात पेटीचा भाव दर दोन-चार दिवसांनी हलतो, पाऊस लवकर आला की नोंदणी थांबवावी लागते, आणि असे बदल घाईघाईने मोबाइलवरून जो करतो तो मराठीतच करतो. इंग्रजी मजकूर पुण्याचा भाचा सवडीने सुधारणार असेल, तर इंग्रजी मूळ भाषा ठेवणे म्हणजे शिळा भाव सर्वांत पुढे मांडणे होय. शिवाय अनुवाद अपुरा असेल तिथे बहुतेक प्रणाली मूळ भाषेतील मजकूर दाखवतात. ती भाषाच मागे पडलेली असली की तिन्ही भाषांत गोंधळ होतो. मजकूर भरून झाल्यावर मूळ भाषा बदलणे जिकिरीचे असते, म्हणून हा निर्णय आताच घ्यावा. भाच्याला आतील नियंत्रण-पाने इंग्रजीत हवी असतील तर त्यासाठी वेबसाइटची भाषा बदलण्याची गरज नाही. वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या प्रणालीत २०१६ साली आलेल्या ४.७ आवृत्तीपासून प्रत्येक वापरकर्त्याला तिथली भाषा स्वतंत्रपणे निवडता येते.

आता ठिकाणाविषयी. आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटला जोडलेल्या यंत्राच्या क्रमांकावरून, देश बहुधा बरोबर ओळखता येतो. गाव किंवा जिल्हा ओळखण्याची खात्री मात्र नसते, आणि कोकणात तर अजिबात नसते. दूरसंचार सेवेच्या विभागणीत मुंबई वगळता उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच परिमंडळ आहे. मोबाइलवरील इंटरनेटची वाहतूक पुष्कळदा एखाद्या मोठ्या शहरातील यंत्रणेतून बाहेर पडते, त्यामुळे सिंधुदुर्गातील बांद्याचा माणूस आणि गोव्यातील पेडण्याचा माणूस सर्व्हरला, म्हणजे वेबसाइट जिथे ठेवलेली असते त्या संगणकाला, एकाच जागचे दिसू शकतात. पण ठिकाण अचूक कळले तरी त्याचा उपयोग काय? गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी ही राजभाषा ठरली आणि शासकीय कामकाजात मराठीच्या वापरालाही जागा ठेवली गेली; तेव्हा पेडण्याच्या माणसापुढे काय ठेवायचे, हे कायदासुद्धा एका शब्दात सांगत नाही. आपल्याच बागेत राखणीला असलेल्या नेपाळी गड्याचे ठिकाण देवगड दाखवील. त्याची भाषा त्यावरून कळणार नाही. माणूस कोठे उभा आहे आणि तो काय वाचतो, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

ब्राउझरची गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. प्रत्येक पान मागताना ब्राउझर ‘अ‍ॅक्सेप्ट-लँग्वेज’ नावाची एक ओळ सर्व्हरकडे पाठवतो. तीत भाषांची यादी असते आणि प्रत्येक भाषेला ० ते १ मधले वजन असते: मराठी १, तिच्यामागे इंग्रजी ०.८, अशा प्रकारे. यादीतील जी भाषा आपल्याकडे आहे आणि जिचे वजन सर्वाधिक आहे ती द्यावी, असा सर्वसाधारण प्रघात आहे व जगात पुष्कळ ठिकाणी तो नीट चालतो. आपल्याकडे तो तोकडा पडतो. इकडे फोन पुष्कळदा दुकानदारच चालू करून देतो, पहिल्या पडद्यावर इंग्रजी निवडून पुढे जातो, आणि मालक त्या सेटिंगकडे पुन्हा कधी फिरकत नाही. असा माणूस दिवसभर व्हॉट्सअ‍ॅपवर मराठी वाचत असतो, पण त्याचा ब्राउझर ‘भारतीय इंग्रजी’ एवढेच सांगत राहतो. त्या ओळीतील इंग्रजीमागे कोणाची निवड नसल्याने तिच्यावरून फारसे काही ठरवता येत नाही. उलट यादीत मराठी, हिंदी किंवा गुजराती असेल, तर कोणीतरी सेटिंगमध्ये शिरून ती मुद्दाम घातलेली असण्याचा संभव पुष्कळ अधिक. म्हणून तिला अधिक किंमत द्यावी. यादी ‘गुजराती, मग इंग्रजी’ अशी असेल तर त्या गिऱ्हाइकाला इंग्रजी द्यावी, कारण भाषांकडे लक्ष देणाऱ्या माणसाने मराठी घातलेली नाही. नुसती भारतीय इंग्रजी असेल तर मात्र मूळ भाषाच राहू द्यावी.

इतका बारीक नियम लिहिण्याची सोय तयार सॉफ्टवेअरमध्ये सहसा नसते. ‘ब्राउझरवरून भाषा ओळखा’ असे एकच बटण असते. ते मी बंद ठेवीन आणि त्याऐवजी पानाच्या माथ्यावर एक अरुंद पट्टी देईन: ब्राउझरची भाषा पानाच्या भाषेहून वेगळी असेल तेव्हा ‘हे पान इंग्रजीतही आहे’ एवढेच वाक्य, इंग्रजीतच लिहिलेले. पान मात्र आपोआप बदलू नये. ड्रुपलसारख्या वेबसाइट बनवण्याच्या प्रणालीत भाषा ओळखण्याच्या पद्धतींचा क्रम आपल्याला लावता येतो. तिथे पानाच्या वेब-पत्त्यातील (यूआरएलमधील) भाषा सर्वांत वर, तिच्याखाली माणसाने स्वतः केलेली निवड, आणि शेवटी मूळ भाषा, असा क्रम लावावा.

पत्ता वर ठेवण्याचे कारण असे की मराठी, हिंदी आणि इंग्रजी पानांना स्वतंत्र यूआरएल असलाच पाहिजे. गुगलचा पाने गोळा करणारा बॉट (आपोआप चालणारा प्रोग्राम) ‘अ‍ॅक्सेप्ट-लँग्वेज’ची ओळ मुळात पाठवतच नाही, आणि तो बहुतांशी अमेरिकेतील आयपी पत्त्यांवरून येतो. ठिकाण पाहून भाषा बदलणाऱ्या वेबसाइटची मराठी पाने त्याच्या दृष्टीलाच पडत नाहीत. मग ‘देवगड हापूस पेटी भाव’ असे शोधणाऱ्याला ती सापडावीत कशी? एकाच यूआरएलवर भाषा बदलत राहिली तर दुसरीही अडचण येते: मधली कॅशे, म्हणजे पाने लवकर देता यावीत म्हणून त्यांच्या प्रती साठवणारी यंत्रणा, पहिल्या पाहुण्यासाठी साठवलेले इंग्रजी पान पुढच्या मराठी पाहुण्याला देऊन मोकळी होते. एकाच पानाच्या इतर भाषांतील प्रती शोधयंत्राला सांगणाऱ्या ‘एचरेफलँग’ खुणेने तिन्ही पाने एकमेकांशी जोडावीत आणि ‘एक्स-डीफॉल्ट’ ही जागा, म्हणजे कोणतीच भाषा जुळली नाही तर दाखवायचे पान, मराठी पानाला द्यावी.

भाषा निवडण्याच्या जागी झेंडे लावू नयेत. हिंदी आणि मराठी या दोहोंपुढे तिरंगाच लावावा लागेल, इतके सांगणे पुरे. प्रत्येक भाषेचे नाव त्या त्या लिपीत लिहावे आणि ते मेनूच्या आत न लपवता वर उघडे ठेवावे.

आकड्यांचे एक सांगतो, कारण ते ऐन हंगामात नडते. कोणत्या भाषेत तारखा, संख्या कशा लिहाव्यात याच्या ज्या युनिकोड सीएलडीआर नावाच्या माहितीसंग्रहावरून सॉफ्टवेअर संख्या मांडते, त्यात मराठीसाठी देवनागरी आकडे (१, २, ३) हे गृहीत धरलेले आहेत, हिंदीसाठी मात्र आंतरराष्ट्रीय (1, 2, 3). भाव देवनागरी आकड्यांत दिसावा हे योग्यच आहे, पण मागणीच्या अर्जात पेट्यांची संख्या किंवा फोन नंबर माणूस कोणत्याही आकड्यांत भरील, आणि दोन्ही स्वीकारले जातात ना, हे स्वतः भरून पाहावे. गिऱ्हाइकाने एकदा निवडलेली भाषा कुकीत (ब्राउझरमध्ये राहणाऱ्या छोट्या नोंदीत) साठवावी, मागणीबरोबरही नोंदवावी, आणि पैसे मिळाल्याचा संदेश व पेटी रवाना झाल्याचा एसएमएस त्याच भाषेत जाईल अशी व्यवस्था करून घ्यावी. तयार प्रणालीत हे संदेश वेगळ्या सेटिंगमध्ये असतात आणि बहुधा इंग्रजीतच राहून जातात.