आईचं परवा पित्ताशयाचं ऑपरेशन आहे. रात्री दहानंतर पाणीसुद्धा बंद ठेवायला सांगितलंय. खरंच गरज असते का? आणि तिच्या शुगरच्या गोळ्यांचं काय करायचं?

गरज नसते. अकराचं ऑपरेशन असेल तर नऊपर्यंत साधं पाणी प्यायला सहसा काही हरकत नाही. मी भूलतज्ज्ञ आहे आणि 'घोटभर पाणीही नको' ऐकलं की माझं डोकं फिरतं.

माझ्या बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. परक्या दवाखान्यात, म्हणजे मी तिथे नुसती नातेवाईक. सकाळचा नंबर होता, पण मध्ये एक सिझेरियन घुसलं, मग आणखी कोणीतरी, आणि दुपार उलटली तरी बाबा खाटेवरच. आदल्या रात्रीपासून कोरडे. कवळी काढून ठेवलेली, जीभ टाळूला चिकटलेली, बोललेलं धड कळेना. सिस्टरना म्हटलं, अहो, इतक्यात काही नंबर लागत नाही, अर्धा पेला पाणी द्या. "मॅडम, एनबीएम आहेत. सरांनी सांगितलंय." एनबीएम म्हणजे निल बाय माउथ, तोंडाने काहीही द्यायचं नाही. सरांना फोन लावला, तर ते मलाच म्हणाले, "तुम्ही डॉक्टर असून असं बोलता?" शेवटी आत नेलं तेव्हा शीर सापडेना. दोन्ही हातांवर टोचल्याचे निळे डाग कितीतरी दिवस होते.

घरी आले तर नवरा, जो स्वतः सर्जन आहे, त्या सरांचीच बाजू घेऊन बसला. "पाणी चालेल म्हटलं की पेशंट चहा-पोहे हाणून येतो. सरसकट बंद ठेवलेलं बरं, लिस्ट वरखाली करता येते." यातलं लिस्टचं कारण तेवढं खरं आहे. पोह्यांचं म्हणजे पेशंटला बावळट समजणं. मी वेळ घालून कागदावर लिहून देते, माझे पेशंट नीट पाळतात.

भुलेत पोटातलं उलटून फुफ्फुसात जाईल, ही यामागची भीती जुनी आहे. न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ साली ४४,०१६ बाळंतपणांचा हिशेब मांडला. त्यात ६६ जणींच्या फुफ्फुसात भुलेखाली पोटातलं गेलं होतं. दोघी दगावल्या, त्याही घन अन्नाने श्वास कोंडून. पाण्याने नव्हे. रिकाम्या पोटी प्यायलेलं पाणी दहा-वीस मिनिटांत निम्मं पुढे सरकतं. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांची संघटना १९९९ पासून सांगतेय की दोन तास आधीपर्यंत पाणी द्या. २०२२ च्या युरोपीय शिफारशीत लहान मुलांना तर एक तास आधीपर्यंत मुभा आहे, आणि स्कॉटलंडमधल्या काही रुग्णालयांत थिएटरमधून बोलावणं येईपर्यंत थोडं थोडं पाणी पिऊ देतात. शंका आलीच तर पोटावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवला की जठर भरलंय की रिकामं ते दिसतं. आमच्याकडे मशीन आहे. तरी नवऱ्याचं एनबीएम रात्री बारालाच सुरू होतं.

चहा मात्र पाण्यात धरू नका. दुधाचा असेल तर हलक्या खाण्यासारखा, सहा तास आधी. कोरा चालतो, दोन तास आधीपर्यंत. तळलेलं, मटण वगैरे असेल तर आठ तास.

आता हे आधी लिहायला हवं होतं, पण असो. आईला उलट्या होत असतील, खूप वर्षांच्या मधुमेहाने पोट सावकाश रिकामं होत असेल, किंवा ती शुगरसाठी सेमाग्लुटाइडसारखं आठवड्याचं इंजेक्शन घेत असेल, तर वरचे तास जसेच्या तसे लावू नका. तिथल्या भूलतज्ज्ञांना आजच भेटा, सर्जनला नव्हे, आणि ते सांगतील तसंच करा.

गोळ्यांचं मी इथून सांगणार नाही, फक्त एक बघा. पाकिटावर डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन लिहिलंय का? ही औषधं ऑपरेशनच्या तीन दिवस आधी थांबवायची असतात, नाहीतर साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साठू शकतं. तुमचं ऑपरेशन परवावर आलंय, तेव्हा तसं असेल तर उत्तर वाचत बसू नका, फोन करा.