पुडीतल्या गोळ्या आणि अण्णांचे सुजलेले पाय

प्रश्न: माझे सासरे 68 वर्षांचे आहेत, पिंपळगाव बसवंतजवळ आमची द्राक्षबाग आहे. गुडघे दुखतात म्हणून अण्णा चार महिने मेडिकलमधून सुट्या गोळ्यांची पुडी आणतात, घेतली की तासाभरात बागेत हजर. पण आता पाय सुजतात, आणि बीपीची गोळी, म्हणजे टेल्मिसार्टन अधिक लघवीची, रोज घेऊनही बीपी 160 च्या खाली येत नाही. बीपीची गोळी बदलून घ्यावी का?
— एक सूनबाई, नाशिक

उत्तर: ताई, बीपीची गोळी बदलायच्या आधी ती पुडी ओट्यावर उघडून बघा. मी इतकी वर्षं काउंटरमागे उभा आहे, अशा पुड्या लोक मला दाखवायला आणतात, कागदाच्या चौकोनात तीन गोळ्या, ना नाव ना तारीख. बहुतेक वेळा त्यात एक डायक्लोफेनॅक किंवा एसिक्लोफेनॅक निघतं, म्हणजे पेनकिलर, आणि बारीक पांढरी गोळी असली की मला धडकीच भरते कारण ती स्टेरॉइड असू शकते.

आपल्या अंगात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं बनतात. गुडघ्यात ती दुखणं आणि सूज आणतात, पण जठरात तीच आतलं अस्तर जपतात आणि किडनीकडे जाणारं रक्त चालू ठेवतात. पेनकिलर ही द्रव्यं बनणंच अडवते, आणि गोळीला गुडघा कुठला नि किडनी कुठली ते कळत नाही, त्यामुळे गुडघा शांत होतो आणि तिकडे किडनी मीठ-पाणी धरून ठेवायला लागते, म्हणून पाय सुजतात, बीपी चढतं, आणि आपण समजतो बीपीची गोळीच लागू पडत नाही.

अण्णांच्या बाबतीत याहून मोठी काळजी वेगळी आहे. किडनीच्या गाळणीत रक्त आणणारी नळी पेनकिलरने आवळली जाते, बाहेर नेणारी टेल्मिसार्टनने सैल होते आणि लघवीच्या गोळीने अंगातलं पाणी कमी होतं, मग गाळायला दाब उरणार कुठून? तुमच्या बागेत ठिबकला मागून प्रेशरच नसेल तर शेवटच्या वेलीला पाणी पोचतं का, तसंच हे. त्यात मार्चचं ऊन, काढणीची घाई, आणि दिवसभरात दोन तांब्ये पाणी.

डायक्लोफेनॅक किडनीला काय करू शकतं ते आपण गिधाडांवरून बघितलंय. हे औषध दिलेली जनावरं मेल्यावर ती खाऊन गिधाडांच्या किडन्या निकामी झाल्या आणि देशभरातली गिधाडं झपाट्याने संपली, म्हणून 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. आपल्या अंजनेरीच्या कड्यावर जी थोडी उरलीत ती बघितली की मला हे दरवेळी आठवतं. माणूस म्हणजे गिधाड नाही, आपण ते औषध पचवतो, पण म्हातारी किडनी आणि रोजचा डोस ही जोडी चांगली नाही.

आता करायचं काय, तर उद्याच पुडी, बीपीच्या गोळीची स्ट्रिप आणि अण्णांना घेऊन डॉक्टरांकडे जा आणि क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते सांगणारी रक्ततपासणी), पोटॅशियम, शुगर तपासायचं का ते विचारा. बीपीची गोळी मनाने बंद करू नका. पुडीत स्टेरॉइड असेल तर चार महिन्यांनंतर तेही एकदम तोडायचं नसतं, ते हळूहळू कमी करावं लागतं, म्हणून पुडीचं काय करायचं तेही डॉक्टरच सांगतील. शौच काळी झाली, लघवी कमी झाली किंवा धाप लागली तर मात्र उद्याची वाट बघू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालेल का, वरून लावायचं जेल चालेल का, हेही विचारा आणि मांडीचे व्यायाम शिकून घ्या, त्याने गुडघ्यावरचा भार खरंच हलका होतो. आणि यापुढे गोळी स्ट्रिपमध्येच मागायची, नाव वाचता आलं पाहिजे.

प्रश्न: ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल गोळी मी जेवण झाल्यावर जळजळलं की घेतो, फरक पडत नाही. डोस वाढवू का?
— पंचवटीतला एक विद्यार्थी

उत्तर: डोस नको, आधी वेळ बदल. ही गोळी जठरातले ॲसिड सोडणारे पंप बंद करते, पण ते पंप जेवताना चालू होतात, म्हणून ती आधीच रक्तात पोचलेली हवी, सकाळी उपाशीपोटी, नाश्त्याच्या अर्धा तास आधी. पूर्ण गुण यायला दोन-तीन दिवस लागतात. दोन आठवड्यांनी पण जळजळ राहिली, किंवा गिळताना अडकतंय, वजन उतरतंय असं वाटलं तर डॉक्टरांना दाखव, वर्षभर स्वतःच घेत बसू नकोस.