डाय बदलायलाच दोन तास, मग लीन कसलं करताय?

प्रश्न: आमचं भोसरीला आठ माणसांचं प्रेस शॉप आहे. कस्टमर कंपनीचा माणूस येतो आणि लीन करा लीन करा म्हणतो, म्हणजे टोयोटाची ती वाया जाणं कमी करायची पद्धत, भिंतीवर 5एसचे (आवराआवर, स्वच्छतेचे) तक्ते पण लावून गेला. पण प्रेसमधली डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बदलायलाच दोन तास जातात, म्हणून एकदा चढवली की महिनाभराचा माल काढून मोकळे होतो. मध्ये ड्रॉइंग बदललं आणि चार बिन भंगारात गेले. हे सगळे टोयोटावाल्यांचे चोचले नाहीत का?

उत्तर: चोचले नाहीत हो. तक्ते राहू द्या, भिंतीचे पोपडे तरी झाकले जातात. खरा रोग तुम्हीच लिहिलाय, महिनाभराचा माल. टोयोटात ही पद्धत घडवणारे ताइइची ओनो वाया जाण्याचे सात प्रकार मोजायचे आणि त्यात गरजेपेक्षा जास्त माल काढणं सगळ्यात वाईट म्हणायचे, कारण बाकीचे घोळ त्या ढिगाखालीच लपतात.

आता दोन तासांचं बघू. 1969 मध्ये टोयोटात 1000 टनी प्रेसच्या डाय बदलाला 4 तास लागायचे, जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगोंनी ते आधी दीड तासावर आणि मग 3 मिनिटांवर आणले, आणि माणसं पळवून नाही, तर प्रेस बंद असतानाच होणारी कामं कुठली आणि चालू असताना उरकता येतील अशी कुठली हे आधी वेगळं करून. घरी कुणी तवा तापत ठेवून मग कणीक मळायला घेतं का? पण प्रेस थांबल्यावर आपला सेटर, म्हणजे डाय चढवणारा माणूस, पाना शोधायला निघतो, मग रॅकवरून डाय, मग कळतं बोल्टच आखूड आहे. आणि बोल्टला पंधरा आटे असले तर चौदा नुसते फिरवायचे, आवळला जातो तो शेवटच्यालाच! खाली ठोकळे लावून सगळ्या डायची उंची सारखी केली तर शट हाइट, म्हणजे प्रेस पूर्ण खाली आल्यावर डायसाठी उरणारी उंची, पण दरवेळी जुळवत बसावी लागत नाही.

एक अख्खा डाय बदल मोबाइलवर शूट करा आणि सेटरला शेजारी बसवून बघा, ओरडायचं मात्र नाही. सरकारी ऑफिसात साहेब गुरुवारीच सह्या करतात म्हणून दहा सेकंदांच्या सहीसाठी दाखला आठवडाभर पडून राहतो, ती पण तुमच्यासारखी मोठी बॅचच की. वेळ अर्ध्यावर आला तर पुढच्या वेळी पंधरा दिवसांचाच माल काढा, नाहीतर वाचलेल्या तासात अजून दोन बिन भरून ठेवाल.