ऑपरेशनला येताना औषधांची पिशवी घेऊन या

प्रश्न : माझ्या सासूबाई ६७ वर्षांच्या आहेत. पुढच्या महिन्यात त्यांच्या गुडघ्याचं सांधाबदलाचं ऑपरेशन ठरलंय. शुगर आणि बीपी जुनं आहे, दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट टाकलाय. हॉस्पिटलमधून फोनवर एवढंच सांगितलं, ‘रक्त पातळ करायची गोळी बंद करा, आणि आदल्या रात्री बारानंतर पाणीसुद्धा देऊ नका.’ त्यांच्या दिवसाला नऊ गोळ्या आहेत, त्यातली रक्त पातळ करायची कुठली ते आम्हाला कळत नाही. गुडघ्यासाठी एकाकडून आणलेली पुडीही त्या घेतात. शेजारच्या काकू म्हणतात, कमरेतल्या इंजेक्शनने कंबर जन्माची जाते. मग पूर्ण भूल द्यायला सांगू का? – एक वाचक, कराड

उत्तर : ताई, काकूंच्या इंजेक्शनपेक्षा मला काळजी वाटली ती ‘फोनवर एवढंच सांगितलं’ या वाक्याची.

मी सांगली-कराड भागातल्या लहानमोठ्या हॉस्पिटलांत भूल देते. आमच्याकडे पुष्कळदा पेशंट आणि भूलतज्ज्ञ यांची पहिली गाठ थेट ऑपरेशनच्या टेबलावर पडते. ही पद्धत मला मान्य नाही, तुम्हीही मान्य करू नका. सर्जनना आजच सांगा की भूल देणाऱ्या डॉक्टरांना निदान दहा दिवस आधी भेटायचंय. संकोच करू नका, ते तुमच्या हक्काचं आहे.

जाताना रिपोर्टच्या फाइलबरोबर औषधांची पिशवी न्या. यादी नको, पिशवीच. कापलेल्या स्ट्रिपा, इन्सुलिनचं पेन, डोळ्यांत घालायचे थेंब, ती पुडी, सगळं. काचबिंदूच्या काही थेंबांनी हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून थेंबसुद्धा. मध्यंतरी एका आजींची पिशवी मी टेबलावर उपडी केली, तर टेल्मिसार्टन हे बीपीचं एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी निघालं. एक गावातल्या डॉक्टरांचं, दुसरं मुलगा पुण्याहून आणून द्यायचा ते. आजी रोज सकाळी श्रद्धेने दोन्ही घ्यायच्या आणि उठलं की चक्कर येते म्हणायच्या. यादीवर दोन वेगळी नावं असती, कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

आता तुमची गोळी. स्टेंट असलेल्या माणसाला रक्त पातळ करणारी बहुधा दोन औषधं असतात, अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, आणि कित्येकदा दोन्ही एकाच कॅप्सूलमध्ये असतात. घोटाळा तिथेच होतो. क्लोपिडोग्रेलचा असर उतरायला पाच ते सात दिवस लागतात. तो असताना कमरेत सुई घातली तर मणक्याच्या आत रक्त साकळून पाय लुळे पडण्याची भीती असते, म्हणून ते आधी थांबवतात. अ‍ॅस्पिरिन मात्र स्टेंटवाल्यांचं शक्यतो चालूच ठेवतात. दोन्ही एकदम सोडली तर स्टेंटमध्येच गुठळी धरू शकते, आणि तो हार्ट अटॅक असतो. म्हणजे ‘गोळी बंद करा’ ऐकून तुम्ही ती कॅप्सूल सरळ बंद केलीत, तर नको असलेल्याबरोबर हवं असलेलं औषधही गेलं. कुठलं कधी थांबवायचं, कुठलं चालू ठेवायचं आणि ऑपरेशननंतर कधी पुन्हा सुरू करायचं, हे हृदयाचे डॉक्टर, सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांनी मिळून ठरवायचं असतं. ते कागदावर लिहून मागा. तोवर आपल्या मनाने काहीही बंद करू नका.

शुगरच्या गोळ्यांत एक नवं कुटुंब आलंय. त्यांच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असतं : डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन. २०२० साली डॅपाग्लिफ्लोझिनचं मूळ पेटंट संपलं, भारतीय कंपन्यांनी ते स्वस्तात आणलं आणि आता वाडीवस्तीवरच्या पेशंटच्या पिशवीतही ते निघतं. औषध चांगलं आहे. पण उपाशी पोट आणि ऑपरेशनचा ताण एकत्र आले की या गोळीमुळे रक्तात आम्लं साठू शकतात. घातक गोष्ट अशी की शुगर तेव्हा फारशी वाढलेली दिसत नाही. ग्लुकोमीटरवर १६० बघून सगळे निर्धास्त असतात आणि पेशंटला मात्र मळमळतं, धाप लागते. म्हणून या गोळ्या साधारण तीन दिवस आधी थांबवतो. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड ऑपरेशनच्या सकाळी देत नाही. इन्सुलिन असेल तर ते पूर्ण बंद करायचं नसतं, डोस कमी करतात, आणि किती करायचा ते डॉक्टरच सांगतील. भूल दिलेल्या माणसाला घाम, थरथर, घाबरेपणा काही सांगता येत नाही, त्यामुळे शुगर खाली गेलेली वरून कळत नाही. आम्ही ती ऑपरेशन चालू असताना मोजत राहतो.

बीपीच्या गोळ्यांचा नियम सरसकट नाही. अ‍ॅम्लोडिपिन, मेटोप्रोलोल त्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या. मेटोप्रोलोल तर अचानक सोडूच नये. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल या गटातली गोळी आमच्यातले बरेच जण त्या सकाळी टाळतात, कारण भूल दिल्यावर बीपी एकदम उतरतं आणि लवकर वर येत नाही. थायरॉइडची गोळी नेहमीसारखी घ्यायची.

आणि ती पुडी. आयुर्वेदाशी माझं वैर नाही, पण सांधेदुखीच्या बिनलेबलाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं हे अनेकदा तपासणीत सापडलंय. पुडी सुरू केल्यावर दोन दिवसांत दुखणं पळालं, भूक वाढली, चेहरा गोल झाला, कातडीवर जरा लागलं तरी काळंनिळं पडतं, असं काही असेल तर आवर्जून सांगा. बरेच दिवस बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. ऑपरेशनच्या वेळी ते लागतं तेव्हा मिळत नाही आणि बीपी कोसळतं. आधी ठाऊक असेल तर हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊन ते टाळता येतं. म्हणून पुडी आणणाऱ्यावर रागावून एकदम बंद करू नका. आधी भूलतज्ज्ञाला दाखवा.

रात्री बारापासून निर्जळी ठेवण्याची गरज बहुतेकांना नसते. भुलीत घशाची राखण सुटते, पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेल्सन यांनी १९४६ साली बाळंतिणींमध्ये हे नीट वर्णन करून दाखवलं, आणि उपाशी पोटाचा नियम जगभर कडक झाला. पण साधं पाणी पोटातून लवकर पुढे सरकतं. आजचा हिशेब असा : जड किंवा तळलेलं जेवण आठ तास आधी, हलकं खाणं आणि दूध सहा तास, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. सकाळी आठचं ऑपरेशन असेल तर सहापर्यंत त्या पाणी पिऊ शकतात. चहा मात्र नाही. आपल्या चहात दूध असतं, त्यामुळे कपभर चहाही खाण्यातच धरतात. ‘फक्त अर्धा कप दिला’ हे आम्हाला बरोबर ऑपरेशनच्या दारात कळतं आणि ऑपरेशन पुढे जातं. आठवड्यातून एकदा घ्यायचं वजन कमी करण्याचं इंजेक्शन कुणी घेत असेल तर त्याने पोट उशिरा रिकामं होतं, तेही आधी सांगावं. मेंडेल्सनच्या काळापासूनचा धोका आजही तोच आहे.

आता कमरेतलं इंजेक्शन. त्या टेबलाच्या कडेला बसतील, उशी पोटाशी कवटाळतील, सिस्टर खांदे धरतील. ‘आजी, मांजर पाठ काढतं तशी पाठ काढा,’ असं मी सांगते. पाठ गार औषधाने पुसतो, सुन्न करायचं इंजेक्शन चिमटा बसावा इतकंच टोचतं, मग सुई. ती अगदी बारीक असते. पाण्यासारखा स्वच्छ थेंब सुईतून आला की जागा बरोबर मिळाली. मग साधारण तीन मिली औषध सावकाश सोडायचं. आधी पाय गरम लागतात, मग जड होतात. स्पिरिटचा बोळा मांडीवर लावून ‘गार लागतंय का’ विचारते, गार कळेनासं झालं की सर्जनना होकार देते. मज्जारज्जू बेंबीच्या पातळीच्या वरच संपतो आणि सुई त्याच्या खाली घालतो, त्यामुळे ती त्याला लागत नाही. टोचलेली जागा चार दिवस दुखेल. कायमच्या कंबरदुखीचा या सुईशी संबंध तपासण्यांतून सिद्ध झालेला नाही. बाळंतपणानंतर कंबर धरते ती नऊ महिन्यांच्या ओझ्याने आणि पुढे मूल उचलून वाकण्याने, आणि दोष सुईला मिळतो. काही जणांना नंतर डोकेदुखी होते. बसलं की वाढते, झोपलं की थांबते. तशी झाली तर सांगा, तिला उपाय आहे.

सासूबाईंच्या वयाला आणि हृदयाला, रक्त पातळ करणारं औषध वेळेत थांबलेलं असेल तर, कमरेतलीच भूल मला बरी वाटते. आणि एक : चष्मा, श्रवणयंत्र असेल तर ऑपरेशननंतर लगेच त्यांच्या हाती द्या, पहिल्या रात्री घरचं ओळखीचं माणूस जवळ बसू द्या. या वयात काहींना ऑपरेशननंतर दोन-चार दिवस गोंधळल्यासारखं होतं, ‘मला घरी न्या’ म्हणून आरडाओरडा होतो. दिवसा उजेड, रात्री झोप आणि ओळखीचा आवाज यांनी ते पुष्कळ सावरतं. झोपेची गोळी मात्र मागून घेऊ नका, तिने ते वाढतं.

प्रश्न : वय २९. हर्नियाचं ऑपरेशन आहे. बरीच वर्षं गुटखा खातो, घरी माहीत नाही. हल्ली वडापाव खाताना तोंड पुरतं उघडत नाही. तपासणीला बायको बरोबर असते. डॉक्टरांना सांगावंच लागेल का? – नाव नको, बार्शी

उत्तर : सांगावंच लागेल. पत्र लिहिण्याचा धीर केलात, आता एवढं पूर्ण करा.

आरशासमोर उभे राहा आणि आपल्याच हाताची मधली तीन बोटं उभी धरून तोंडात घालून बघा. तीन गेली तर ठीक. दोनच जात असतील तर मला आधी तयारी करावी लागते. पूर्ण भूल देताना श्वासाची नळी आम्ही तोंडातून, स्वरयंत्र नजरेसमोर ठेवून घालतो. सुपारीने गालाच्या आतल्या कातडीत कडक पट्टे तयार होतात आणि जबडा धरतो. औषधाने सगळे स्नायू ढिले केले तरी हे पट्टे ढिले होत नाहीत. म्हणजे पेशंट झोपलाय, त्याचा स्वतःचा श्वास थांबलाय आणि तोंड उघडत नाही, हा प्रसंग. त्याची मला मनापासून भीती वाटते. आधी कळलं तर मार्ग आहे. नाक आणि घसा सुन्न करून, पेशंट जागा असतानाच, दुर्बिणीच्या बारीक नळीवरून श्वासाची नळी नाकातून उतरवता येते. पण त्यासाठी ते यंत्र आणि तो अनुभव असलेलं हॉस्पिटल आधी निवडावं लागतं. हर्निया कमरेतल्या भुलीतही होतो, तुमचाही बहुधा तसाच होईल. तरी कमरेतली भूल पुरी पडली नाही तर पुढे काय, हे मला ठरवूनच ठेवावं लागतं.

बायकोसमोर बोलायचं नसेल तर भूलतज्ज्ञांना म्हणा, ‘दोन मिनिटं एकट्याशी बोलायचंय.’ नातेवाईकांना बाहेर थांबवणं आमच्या रोजचं आहे आणि पेशंटची गोष्ट आम्ही कुणाला सांगत नाही. रात्रीची दारू असेल तर तीही तेव्हाच सांगा. रोज पिणाऱ्याची दारू हॉस्पिटलमध्ये अचानक तुटली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हातपाय थरथरतात, भास होतात, आणि घरचे म्हणतात भुलीने डोकं फिरलं.

महाराष्ट्रात गुटख्याला २०१२ पासून बंदी आहे, तरी टपरीवर तो मिळतो आणि माझ्यासमोर येणारी आखडलेली तोंडं कमी होताना दिसत नाहीत. ऑपरेशनपर्यंत तरी आजपासून बंद करा. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम असेल तर हर्नियाच्या आधी दातांच्या डॉक्टरांना दाखवा. हर्निया थोडा थांबू शकतो.

हे मिश्री लावणाऱ्या बायकांनीही वाचावं. मिश्रीत तंबाखूच आहे, पण ‘तंबाखू खाता का’ विचारलं की त्या नाही म्हणतात. विचारलं नाही तरी सांगा.

प्रश्न : माझं गर्भाशय काढायचं आहे. सिझरच्या वेळी ऑपरेशननंतर दिवसभर उलट्या झाल्या होत्या. मला कुंभार्ली घाटात हमखास गाडी लागते. त्याचा काही संबंध असेल का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : आहे, आणि तुम्ही अगदी नेमकं लिहिलंत.

जर्मनीतले भूलतज्ज्ञ अ‍ॅपफेल यांनी १९९९ मध्ये चार साध्या गोष्टींवरून हा अंदाज बांधून दाखवला : बाई असणं, सिगरेट न ओढणं, गाडी लागणं किंवा आधीच्या ऑपरेशननंतर उलट्या झालेल्या असणं, आणि नंतर मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामकं लागणं. चारांतलं एकही नसेल तर दहांतल्या एकाला त्रास होतो. चारही असतील तर दहांतल्या आठांना. सिगरेट ओढत नसाल तर तुमची तीन आताच जुळतात.

हेच वाक्य भूलतज्ज्ञांना सांगा : गाडी लागते आणि सिझरनंतर उलट्या झाल्या होत्या. मग उलट्या रोखायला आम्ही सुरुवातीलाच डेक्सामेथासोन देतो, संपता संपता ऑन्डान्सेट्रॉन देतो, आणि पूर्ण भूल असेल तर वायूऐवजी प्रोपोफोल हे दुधासारखं पांढरं औषध शिरेतून चालू ठेवतो, कारण त्याने मळमळ कमी होते. पोटाच्या भिंतीतल्या नसा सुन्न केल्या आणि पॅरासिटामॉल ठरावीक वेळाने देत राहिलं, तर मॉर्फिनच्या जातीची औषधं फारच थोडी लागतात. दुखायला लागल्यावर गोळी मागू नका, घड्याळाप्रमाणे घ्या. शुगर असेल तर तेही सांगा, डेक्सामेथासोनने ती एक-दोन दिवस चढते. ऑन्डान्सेट्रॉनने बद्धकोष्ठ होऊ शकतं. तिसऱ्या दिवसापर्यंत पोट साफ झालं नाही तर राउंडला येणाऱ्या सिस्टरना सांगा.