एव्हरेस्ट ट्रेकच्या वाटेवरच्या लुक्ल्याहून काठमांडूला परतल्यावर मुंबईचं विमान लगेच दुसऱ्या दिवशीचं काढलं तर चालेल का?

नको, मध्ये निदान दोन दिवस मोकळे ठेवा. तीन जमले तर फारच उत्तम. लुक्ला साधारण २,८५० मीटरवर आहे आणि तिथली धावपट्टी जेमतेम ५२७ मीटर, तीही जवळजवळ १२ टक्के चढाची. वरच्या टोकाला डोंगर, खालच्या टोकाला थेट दूधकोशीची दरी. विमान चढावर उतरतं, उतारावर सुटतं, आणि उतरताना शेवटच्या क्षणी पुन्हा वर उचलायला जागाच नसते. त्यामुळे वैमानिकाला धावपट्टी डोळ्यांनी स्वच्छ दिसायलाच हवी. दुपारी वारा सुटतो, ढग चढतात, म्हणून बहुतेक उड्डाणं सकाळीच आटोपतात. सकाळ ढगाळ निघाली की तो दिवस गेलाच समजा, आणि अडकलेल्यांची रांग दुसऱ्या दिवशीच्या प्रवाशांच्या मागे लागते. तेव्हा परतीचं तिकीट पहाटेच्या पहिल्या फेरीचंच मागा.

एक मात्र तपासा: हंगामात, म्हणजे वसंतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात, बरीच विमानं काठमांडूऐवजी रामेछापजवळच्या मंथलीला उतरतात. तिथून काठमांडू गाडीने आणखी चार-पाच तास, तेही वळणांच्या घाटरस्त्याने. तो वेळ वेगळा धरा.