लेक म्हणते, कॉलेजातल्या पिण्यावर संशोधन करणार

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात हॉस्टेलवर राहून बी.ए. मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला शिकते. गणपतीत घरी आली तेव्हा म्हणाली, 'एम.ए. करून मी कॉलेजच्या मुलांच्या पिण्यावर संशोधन करणार.' तिच्या वडिलांना हे अजिबात पटलेलं नाही. दारुड्या पोरांत बसायला एवढं शिकवलं का, म्हणतात. माझा धाकटा भाऊ दारूपायी गेला तेव्हा ती सातवीत होती. यात नोकरी मिळते का? पुढे स्थळं बघताना काय सांगायचं? तिला अडवू का?
– एक आई, बार्शी

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. भावाबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, पण बाकीचं पत्र त्या ओळीभोवतीच फिरतंय असं मला वाटलं. तिकडे मी शेवटी येते. आधी लेकीच्या वडिलांच्या शंकेचं बोलू.

ज्यांना व्यसन जडलंय त्यांच्या उपचाराचं काम वेगळं आहे. पुण्यातलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून ते करतंय. तुमच्या लेकीला ज्या मुलांवर काम करायचंय ती अजून तिथवर पोचलेली नाहीत आणि त्यातली बहुतेक कधी पोचणारही नाहीत. फ्रेशर्स पार्टीला, ट्रेकला, थर्टी फर्स्टला, सबमिशन संपल्यावर 'आज बसू या' म्हणणारी ही मुलं. आठवडाभर थेंब नाही आणि शनिवारी दोन तासांत एवढी, की गाडीची किल्ली कुणाकडे आहे याचं भान नाही. अपघात, मारामारी, धरणात पोहायला उतरणं, एखाद्या मुलीवर नको तो प्रसंग ओढवणं, हे सगळं त्या एका रात्रीत घडतं. त्यासाठी माणूस व्यसनी असावा लागत नाही. ही रात्र कमी धोक्याची कशी होईल, हा या संशोधनाचा प्रश्न आहे.

मी करिअरची सत्रं घ्यायला कॉलेजांत जाते. एका कॉलेजात माझ्या आधी व्यसनमुक्तीवर व्याख्यान होतं. वक्त्यांनी पडद्यावर खराब झालेल्या यकृताचा फोटो लावला. पुढच्या रांगेतल्या मुलींनी माना फिरवल्या. मागच्या रांगेत एकाने शेजाऱ्याला कोपर मारलं आणि दोघं हसले. टाळ्या झाल्या, आभार झाले. त्या दोघांशी कुणी बोललंच नाही, याचं मला फार वाईट वाटलं. अमेरिकेतल्या मद्यविषयक राष्ट्रीय संस्थेने, एनआयएएएने, 2002 मध्ये कॉलेजांमधल्या पिण्यावर मोठा अहवाल काढला. नुसती माहिती देऊन पिणं कमी होत नाही, हा त्यातला एक स्पष्ट निष्कर्ष. आपल्याकडे मात्र अजून फोटोच दाखवतात.

मग कशाने कमी होतं? या विषयातलं मोठं नाव म्हणजे सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले ॲलन मार्लट. 1973 मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना पेयांची चव तपासायला बोलावलं. काहींना सांगितलं, यात व्होडका आहे; काहींना सांगितलं, हे साधं टॉनिक वॉटर आहे. प्रत्यक्षात दोन्ही गटांतल्या निम्म्या लोकांच्या ग्लासात सांगितलं त्याच्या उलट होतं. ग्लासात काय आहे यावर लोक किती पितात हे ठरलंच नाही. व्होडका आहे असं ज्यांना वाटलं ते जास्त प्यायले. डोक्यातली कल्पना पिण्याला एवढी हाकत असेल, तर कल्पनेवर काम करता येईल, ही वाट तिथून मोठी झाली.

पुढे मार्लट आणि सहकाऱ्यांनी कॉलेजच्या मुलांसाठी 'बेसिक्स' नावाची पद्धत बसवली. समुपदेशकाबरोबर जेमतेम दोन बैठका. मुलगा आपल्या पिण्याची माहिती भरून देतो आणि त्यावरून त्याच्यापुरता एक कागद तयार होतो. तू किती पितोस. तुझ्या मते तुझ्या वयाची बाकीची मुलं किती पितात. आणि ती खरोखर किती पितात. तीन आकडे शेजारी शेजारी. मधला आकडा बहुधा फुगलेला असतो. 'सगळेच पितात' ही समजूत किती चुकीची असते, हे पर्किन्स आणि बर्कोविट्झ या अमेरिकी संशोधकांनी 1986 मध्येच दाखवलं होतं. कागद समोर ठेवून समुपदेशक एवढंच विचारतो, 'हे बघून काय वाटतं?' आणि गप्प बसतो. ते गप्प बसणं सगळ्यात अवघड, हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगते. समोरचा कागदाची कड दुमडत राहतो, आपल्या जिभेवर दहा वाक्यं आलेली असतात, आणि तेवढ्यात तोच म्हणतो, 'म्हणजे मीच जास्त पितोय?'

या पद्धतीची 1998 मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी तुमच्या लेकीने मुळातून वाचावी. जास्त पिणारे 348 विद्यार्थी, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागलेले, दोन वर्षं पाठपुरावा. ज्यांच्याशी असं बोलणं झालं त्यांचं पिणं आणि त्यातून होणारं नुकसान दुसऱ्या गटापेक्षा जास्त कमी झालं. पण दुसऱ्या गटाचंही कमी झालंच! मुलं मोठी होतात, आपोआप सावरतात. दुसरा गट नसता तर सगळं श्रेय समुपदेशकाने घेतलं असतं. शिवाय 2015 मध्ये अशा अनेक चाचण्यांतल्या एकेका विद्यार्थ्याची माहिती एकत्र करून पुन्हा तपासली, तेव्हा परिणाम आधी वाटला होता त्यापेक्षा बराच लहान निघाला. म्हणजे या क्षेत्रात अजून पुष्कळ काम बाकी आहे, आणि बावीस वर्षांच्या मुलीला हे कळणं मला आशेचं वाटतं.

आपल्याकडे तर सुरुवात शब्दांपासूनच करावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची 'ऑडिट' नावाची चाचणी आहे. 40 पैकी 8 किंवा जास्त गुण आले की पिणं धोक्याच्या बाजूला झुकलंय असं धरतात. त्यातला एक प्रश्न, प्यायला बसलात की साधारण किती 'ड्रिंक' होतात? आपला मुलगा म्हणतो, 'चौघांत एक खंबा.' आता हिशोब करा. खंबा 750 मिलीचा, चौघांत वाटला तर प्रत्येकी क्वार्टरपेक्षा थोडी जास्त. नेहमीच्या व्हिस्कीच्या 180 मिलीच्या क्वार्टरमध्ये सुमारे 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. अमेरिकेत एक ड्रिंक म्हणजे 14 ग्रॅम, म्हणजे ही चारपेक्षा जास्त ड्रिंक झाली. दोन तासांत बाईने चार किंवा पुरुषाने पाच ड्रिंक घेतली तर तिथे त्याला धोक्याचं पिणं म्हणतात. आणि आपला मुलगा मनापासून म्हणतो, 'मी फार नाही घेत, एक क्वार्टरच.' हा प्रश्न मराठीत कसा विचारायचा म्हणजे खरं उत्तर येईल, यावर तुमच्या लेकीचा एम.ए.चा प्रबंध होऊ शकतो. 'दारू पितोस का' विचारलं तर बिअर पिणारा बिनधास्त 'नाही' म्हणेल, हे तिला हॉस्टेलवर राहून आधीच माहीत असणार.

दुसरी अडचण कायद्याची. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी वयाची 21 आणि बाकीच्या मद्यासाठी 25 वर्षं पूर्ण लागतात, शिवाय परवाना. शेजारच्या गोव्यात 18. म्हणजे आपल्या कॉलेजातला पिणारा मुलगा खरं उत्तर देतो तेव्हा बहुतेकदा गुन्हा कबूल करत असतो. ती यादी प्राचार्यांच्या टेबलावर गेली तर त्याचं वर्ष जाईल. म्हणून नावाऐवजी क्रमांक, नैतिकता समितीची आधी घेतलेली परवानगी, कुलपात ठेवलेले कागद. मार्गदर्शक निवडताना तिने याची चौकशी सगळ्यात आधी करावी. 'परवानगीचं नंतर बघू' म्हणणाऱ्यांकडे अजिबात जाऊ नये.

भारतात हे काम होतच नाही असं नाही. गोव्यातल्या 'संगात' संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक पिणाऱ्या 377 पुरुषांवर चाचणी केली, ती 2017 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं होती, आणि बैठका जास्तीत जास्त चार. तीन महिन्यांनी त्या गटातले 36 टक्के लोक धोक्याच्या पातळीखाली आले होते. नेहमीची सेवा मिळालेल्या गटात 26 टक्के. हे सगळे आरोग्य केंद्रात आलेले मोठे पुरुष होते. कॉलेजच्या मुलांसाठी असं मराठीत उभं करायला माणसं हवी आहेत. (जाता जाता एक गोष्ट. मार्लट यांनी सिअ‍ॅटलजवळच्या तुरुंगात विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरांचा कैद्यांच्या व्यसनावर काय परिणाम होतो ते तपासलं होतं. ती शिबिरं गोएंका गुरुजींच्या, आपल्या इगतपुरीच्या परंपरेतली. तिच्या वडिलांना हे सांगून बघा.)

आता नोकरीचं. एम.ए. मानसशास्त्र किंवा समाजकार्य, त्यानंतर एखाद्या प्रकल्पावर संशोधन सहायक, मग पीएच.डी., हा साधारण रस्ता. नेट परीक्षेतून जेआरएफ म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं दरमहा 37,000 रुपये आणि घरभाडं मिळतं. बेंगळुरूचं निमहान्स, दिल्लीचं एम्स, मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था ही नावं डोळ्यांसमोर ठेवा. रुग्णांवर उपचार करायचे असतील तर पुनर्वास परिषदेची म्हणजे आरसीआयची मान्यता असलेला क्लिनिकल सायकॉलॉजीचा अभ्यासक्रम लागतो. तिथले नियम सध्या बदलताहेत, एम.फिल.ला 2025-26 पर्यंतच मुदत दिली होती. म्हणून प्रवेश घेण्याआधी परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः बघावं, क्लासवाल्यांच्या शब्दावर जाऊ नये. संशोधनात नाही रमली तरी रस्ता बंद होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये 100 किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायला सांगितलं आहे. आणखी एक, संख्याशास्त्र चुकवता येणार नाही. निम्मं आयुष्य आकड्यांच्या तक्त्यात जाणार आहे, त्याची तिला आवड आहे का हे विचारा.

स्थळांचं म्हणाल तर 'मानसशास्त्रात संशोधन करते' हे खरं आहे आणि पुरेसं आहे. कुणी विषय विचारला तर तोही सांगा. दारूमुळे ज्यांच्या घरात कधी काही घडलेलं नाही अशी कुटुंबं फार नसतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आता तुमच्या भावाबद्दल. मामा गेला म्हणून ती या विषयाकडे आली असेल तर त्यात काही वावगं नाही. पण तिला प्रत्येक मुलात मामा दिसू लागला तर ती विचारणार नाही, समजावायला लागेल; आणि समजावलं की मुलं खोटं बोलतात. समोरचा मुलगा हसत हसत 'मजा येते, म्हणून पितो' म्हणाला, तर तिला शांतपणे 'बरं, अजून सांग' म्हणता येईल का? तिला अडवायचं की नाही याचं उत्तर मी यावरून देईन, गुणपत्रिकेवरून नाही.

दिवाळीला ती येईल तेव्हा एका संध्याकाळी स्वयंपाकघरात दोघीच बसा. मामा पहिल्यांदा कधी प्यायला, कुणाबरोबर, तेव्हा तुम्ही त्याला काय म्हणालात, नंतर काय म्हणायला हवं होतं असं वाटतं, हे तिने तुम्हाला विचारू दे. तिने मध्ये बोलायचं नाही, चूक कुणाची ते ठरवायचं नाही, फक्त विचारायचं आणि ऐकायचं. तुम्हाला जेवढं सांगावंसं वाटेल तेवढंच सांगा. नंतर तिला म्हणावं, मला स्वतःच्या हाताने एक पान लिहून पाठव, ऐकताना कुठे बोलावंसं वाटलं आणि तेव्हा काय केलंस. ते पान आलं की पुढचं आम्ही दोघी ठरवू.

तुमची,
मार्गदर्शक ताई