सहा फुटांत सायकल, गाय आणि मोळी

प्रश्न: आमचं गाव त्र्यंबक रोडवरून आत, डोंगरात. नदीकाठानं दोनेक किलोमीटर वाट करायचं घाटतंय. पायी जाणारे, रविवारी नाशिकहून येणारे सायकलवाले आणि आमची गुरं, सगळे त्याच वाटेनं. एका जागी कडा आणि नदी यांच्यात जेमतेम सहा फूट आहेत. काही म्हणतात कडा फोडा, काही म्हणतात नदीत भर टाका. काय करावं?

उत्तर: दादा, दोन्ही नका करू. कडा फोडला की वरचा सैल झालेला दगड पावसाळ्यात खाली येत राहतो, आणि नदीत भर टाकली की पाणी समोरचा काठ खातं, तिकडे कुणाचं तरी भातखाचर असणारच. अशा वाटेला 10 फूट रुंदी हवी, अडचणीत 8 चालते, हे खरंय, पण तेवढा तुकडा सहाचाच राहू द्या ना! फक्त दोन्ही तोंडांशी थांबायला ऐसपैस जागा करा आणि या तोंडावरून ते तोंड दिसलं पाहिजे, नाहीतर सायकलवाला आणि डोक्यावर मोळी घेतलेली बाई बरोब्बर मधोमध समोरासमोर येतात आणि मग मागे कोणी सरकायचं? गुरं आधी, मग पायी माणूस, सायकलवाल्यानं उतरून ढकलत न्यायची. पाटी लावा, वाचेल कोण ते सोडा.

हा तुकडा पुरात बुडणार, बुडू द्या. तिथे काँक्रीट चालेल पण वरून खराट्यानं खरबरीत करून घ्या, गुळगुळीतवर गुरांचे खूर सरकतात. आणि रेलिंगचा हट्ट असेल तर खांब काढता येतील असे बसवा, मे संपायच्या आत काढून ठेवा, कारण पुरात आलेला पालापाचोळा न् ओंडके त्यात अडकले की त्याचाच बंधारा होतो आणि रेलिंग काठासकट जातं (एका गावात मी स्वतः बघितलंय, नुसते बोल्ट उरले होते).

बाकीची वाट जमेल तेवढी पुराच्या वर. निळी पूररेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे 100 वर्षांतून. तुमच्या नदीच्या रेषा आखलेल्या नसतील तर म्हाताऱ्यांना विचारा, नाशकात गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून पूर मोजतात तसा तुमच्याकडेही एखादा दगड नाहीतर उंबर असेलच.

अजून एक, मुरमाची वाट नदीच्या बाजूला किंचित कलती ठेवा आणि डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त चढवू नका. डोंगर 100 फुटांत 20 फूट चढत असेल तर वाट 10 च्या आत, नाहीतर पाणी वाट ओलांडायचं सोडून वाटेवरूनच पळतं आणि दोन पावसाळ्यांत तिची घळ होते.

आखणी उन्हाळ्यात करू नका पण. पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन जा, कुठले ओहोळ कुठे उतरतात बघा आणि तिथे खुंट्या ठोका. खुणा करायची चुन्याची फक्की नेऊ नका, वाहून जाते.